२२ वॉट पुरतात

ट्यूब अ‍ॅम्प घ्यायला निघालेला गिटारवादक पहिला प्रश्न वॉटचा विचारतो. पन्नास घेऊ की शंभर? कानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. वॉट दुप्पट केले की आवाज जेमतेम ३ डेसिबलने चढतो. कानाला तो खरोखर दुप्पट वाटायला हवा असेल तर वॉट साधारण दहापट लागतात. फेंडरचा डीलक्स रिव्हर्ब २२ वॉटचा, ट्विन रिव्हर्ब ८५ वॉटचा. कागदावर जवळजवळ चौपट, पण निव्वळ ताकदीने पडणारा फरक ६ डेसिबलहून कमी. मोठ्या अ‍ॅम्पचे जास्तीचे पैसे आपण मुख्यतः आवाज न फाटता वर नेण्याच्या सोयीसाठी मोजतो. जॅझवाल्याला ती सोय हवीच. ब्लूज आणि रॉक वाजवणाऱ्याला आवाज फाटायला हवा असतो, आणि तोही बँडच्या नेहमीच्या पातळीवर.

माझं मत आधीच नोंदवून ठेवतो: बार, कॅफे, छोटं सभागृह, कॉलेजचा हॉल अशा जागी वाजवणाऱ्या बँडला १५ ते २२ वॉटचा, एका चांगल्या स्पीकरचा ट्यूब अ‍ॅम्प पुरतो.

*

जुन्या रेडिओतले व्हॉल्व्ह आणि ह्या ट्यूब एकाच घराण्यातल्या. निर्वात काचेत तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात, शेकडो व्होल्टच्या प्लेटकडे ओढले जातात, आणि मधली ग्रिडची जाळी त्यांचा प्रवाह कमीजास्त करते. पिकअपचा क्षीण सिग्नल जाळीवर सोडला की प्लेटवर त्याचंच मोठं रूप मिळतं. सिग्नल ट्यूबच्या कुवतीपलीकडे गेला की लाटेचे माथे एकदम छाटले जात नाहीत. आधी दबतात, गोल होतात, आणि मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर ऐकू यायला लागतात.

ह्या दबण्याला एक काठ असतो आणि ब्लूज त्या काठावर वाजतो. तार हलकी छेडली की आवाज स्वच्छ, जोरात छेडली की किंचित फाटलेला, गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा मागे घेतला की पुन्हा स्वच्छ. एकाच ओळीत कुजबूज आणि किंकाळी दोन्ही हवी असतात, आणि दोन्ही उजव्या हाताच्या ताब्यात राहतात. अ‍ॅम्प निवडायचा म्हणजे त्याचा हा काठ आपल्या बँडच्या आवाजाशी जुळतो का, हे पाहायचं. शंभर वॉटच्या अ‍ॅम्पचा काठ इतका वर असतो की तिथे पोचेपर्यंत पुढच्या टेबलावरची माणसं उठून गेलेली असतात.

*

मास्टर व्हॉल्यूम असलेला अ‍ॅम्प कमी आवाजातही फाटतो. खरं आहे. पण तेव्हा फक्त आधीच्या छोट्या ट्यूब, बहुधा १२एएक्स७, फाटत असतात. आउटपुट ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकरचा कोन ही मंडळी आरामात बसलेली असतात. ती सगळी कामाला लागली की आवाजाला जे अंग येतं ते मास्टर व्हॉल्यूमने येत नाही.

*

इलेक्ट्रिक ब्लूजचा जन्मच गोंगाटात झाला. मिसिसिपीतून १९४३ मध्ये शिकागोला आलेल्या मडी वॉटर्सला साध्या गिटारवर क्लबातल्या गलक्यापुढे टिकाव धरता येईना, म्हणून तो इलेक्ट्रिककडे वळला. मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवणाऱ्यांचीही तीच गरज. अ‍ॅम्प छोटे होते आणि जागा गर्दीच्या, त्यामुळे ते त्यांच्या ताकदीच्या टोकाला वाजत आणि फाटत. ऐकणाऱ्यांना तो आवाज आवडला.

१९५१ मध्ये मेम्फिसला सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आयक टर्नरच्या बँडने ‘रॉकेट ८८’ ध्वनिमुद्रित केलं. गिटारवादक विली किझार्टच्या अ‍ॅम्पचा स्पीकर प्रवासात खराब झाला होता. फिलिप्सने त्यात कागद कोंबून तसाच वाजवायला लावला. ती घरघर रेकॉर्डवर आजही ऐकता येते. रॉक अँड रोलच्या पहिल्या रेकॉर्डांत ‘रॉकेट ८८’चं नाव घेतलं जातं.

*

लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याचं दुकान होतं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, पण वाजवणारे काय म्हणतात ते तो कान देऊन ऐकत असे. पन्नासच्या दशकात त्याने बेस गिटारसाठी बासमन नावाचा अ‍ॅम्प काढला. त्याचं दशकाच्या अखेरीचं रूप, म्हणजे १० इंचांचे चार स्पीकर आणि ४० वॉटच्या आसपास ताकद, गिटारवाल्यांनीच उचललं. शिकागोच्या दिवसांत ब्लूज गिटारवादक बडी गायच्या स्ट्रॅटोकास्टरमागे असाच बासमन असे.

पुढची गोष्ट लंडनची. जिम मार्शल हा ड्रमवादक, ड्रम शिकवणाराही. हॅनवेलला त्याचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे येणारी रॉक वाजवणारी पोरं त्याला सांगत की आमच्यासाठी असा अ‍ॅम्प कुणी बनवत नाही, आणि अमेरिकेहून येणारा फेंडर आम्हाला परवडत नाही. मार्शलने केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन ह्या दोघांना हाताशी धरून १९६२ मध्ये बासमनचंच सर्किट समोर ठेवून जेटीएम४५ बनवला. सर्किट जवळपास तेच, पण सुटे भाग ब्रिटिश बाजारात मिळाले ते: आउटपुटला केटी६६ ट्यूब, वेगळे ट्रान्सफॉर्मर, आणि चार स्पीकर मागून बंद असलेल्या पेटीत. एवढ्या फरकाने आवाज बदलला. मधले स्वर पुढे आले, खालचे घट्ट झाले. एकाच नकाशावर दोन गावांत दोन आवाज तयार झाले, आणि पुढचं सगळं रॉक ह्या दोघांच्या मधल्या पट्ट्यात वाजलेलं आहे.

*

त्याच मार्शलचा २ गुणिले १२ इंच स्पीकरचा कॉम्बो, मॉडेल नंबर १९६२, घेऊन एरिक क्लॅप्टन १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या बँडबरोबर वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेका स्टुडिओत गेला. स्टेजवर ज्या आवाजात वाजवतो त्याच आवाजात इथेही वाजवणार, मायक्रोफोन लांब ठेवा, असा त्याचा आग्रह होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या गस डजनपुढे पेच पडला, कारण तोवर स्टुडिओत गिटार हळूच वाजवायची रीत होती. त्या अल्बमनंतर अ‍ॅम्पचं नावच ‘ब्लूजब्रेकर’ पडलं. जोरात चालवलेला अ‍ॅम्प काय देतो हे ज्याला ऐकायचंय त्याने ही रेकॉर्ड चांगल्या स्पीकरवर लावावी. मोबाइलवर नको.

*

मग शंभर वॉट आले कुठून? साठच्या दशकात सभागृहातली ध्वनियंत्रणा गायकापुरती असे आणि तीही कमजोर. गिटारला सगळं सभागृह अ‍ॅम्पनेच भरावं लागे. द हू ह्या बँडसाठी मार्शलने १९६५ च्या सुमाराला शंभर वॉटचे अ‍ॅम्प बनवले. आठ स्पीकरची एकसंध पेटी वाहणाऱ्या माणसांच्या पाठी मोडायला लागल्या, म्हणून ती कापून चार-चारच्या दोन पेट्या केल्या आणि एकावर एक ठेवल्या. रॉकची ती ओळखीची भिंत अशी उभी राहिली.

आज अ‍ॅम्पच्या तोंडाशी एक एसएम५७ मायक्रोफोन लावला की साऊंडवाला हवा तेवढा आवाज सभागृहात नेतो. अ‍ॅम्पचं काम स्टेजपुरतं उरलं. नील यंगचा १९५९ चा फेंडर डीलक्स १५ वॉटच्या आसपासचा आहे, आणि तो घेऊन ते स्टेडियममध्ये वाजवत आले आहेत. त्या अ‍ॅम्पची बटणं लांबून फिरवण्यासाठी त्यांनी एक यंत्रही बसवून घेतलंय.

*

अ‍ॅम्पची खरी मोजपट्टी ड्रमर. स्नेअरचा जोरदार फटका जवळून सहज १०० डेसिबलच्या पुढे जातो. तुमच्या बँडचा ड्रमर ब्रशने आणि हलक्या काड्यांनी वाजवणारा असेल तर १५ वॉटही खूप होतात. तो जड हाताचा असेल तर २२ वॉटचा अ‍ॅम्प सहा-सातवर न्यावा लागेल, आणि तिथे तो छान फाटलेला असेल. आता तुम्हाला त्याच बँडमध्ये पूर्ण स्वच्छ आवाजही हवा असेल, फंकच्या तुकड्यांसाठी वगैरे, तर ४० वॉटचा विचार करा. पन्नासच्या वर जायचं कारण मला तरी दिसत नाही.

*

स्पीकरकडे लोक सर्वांत शेवटी बघतात, आणि आवाज तर तिथूनच बाहेर पडतो. स्पीकरवर त्याची सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते: एक वॉट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल. ९७ चा स्पीकर काढून १०० चा बसवला की ३ डेसिबल मिळाले, म्हणजे अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखंच, आणि तेही अ‍ॅम्पचा काठ न हलवता. उलटही करता येतं. अ‍ॅम्प जागेसाठी फार मोठा पडत असेल तर कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर लावा.

स्वभावही पाहावा. सेलेशनचा ग्रीनबॅक २५ वॉटचा. त्याचे वरचे स्वर मऊ आणि मधले भरदार. व्हिंटेज ३० जास्त मोठा आणि वरच्या मधल्या स्वरांत टोकदार. दोन गिटारींच्या बँडमध्ये तो वाट काढतो, एकट्याला कधी कधी बोचतो. ब्लूजसाठी मी ग्रीनबॅककडे झुकतो.

*

आता एकेक अ‍ॅम्प. डीलक्स रिव्हर्ब. १९६३ पासूनचा. आउटपुटला दोन ६व्ही६ ट्यूब, १२ इंचांचा एक स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब, थरथरणारा व्हायब्रॅटो. बास आणि ट्रेबल ही दोनच बटणं, मिडल नाही. फेंडरच्या ह्या जातीत मधले स्वर मुळातच खोलगट असतात, त्यामुळे एकटं वाजवताना आवाज मोहक वाटतो आणि बँड सुरू झाला की बेस आणि झांजांच्या मध्ये गिटार बुडते. स्टीव्ही रे वॉन आपल्या फेंडरपुढे आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर लावत असे. तो पेडल नेमके मधले स्वर उचलतो. ड्राइव्हचं बटण जवळजवळ बंद आणि लेव्हल वर, अशी त्याची मांडणी ह्या अ‍ॅम्पवर करून पाहा.

व्हॉक्स एसी३०. चार ईएल८४, निगेटिव्ह फीडबॅक नाही, वरचे स्वर झळाळते. रोरी गॅलाघर आपली झिजलेली स्ट्रॅटोकास्टर आणि एक ट्रेबल बूस्टर घेऊन ह्याच्यातून आयर्लंडचा ब्लूज वाजवत असे. आवाज अप्रतिम, पण ३० वॉट म्हणून फसू नका. हा कानठळ्या बसवणारा अ‍ॅम्प आहे. छोट्या बारमध्ये त्याचा धाकटा भाऊ एसी१५ बरा.

मार्शलचा आवाज हवा असेल तर साठच्या दशकातल्या १८ वॉटच्या कॉम्बोची घडण शोधा, त्यातही ईएल८४ च आहेत. नवा घ्यायचा तर २०१९ पासून निघालेली २० वॉटची स्टुडिओ मालिका आहे. ती ५ वॉटवरही आणता येते.

फेंडर ब्लूज ज्युनिअर: १५ वॉट, १४ किलोच्या आसपास, खिशाला त्यातल्या त्यात परवडणारा. पेटी लहान असल्याने आवाज थोडा कोंदट, पण बरा स्पीकर बसवला की खुलतो. पहिला ट्यूब अ‍ॅम्प म्हणून कुणी विचारलं तर मी ह्याचंच नाव सांगतो.

*

रेक्टिफायरचं एक टिपण. विजेचं एसीचं डीसी करायला जुन्या अ‍ॅम्पात ट्यूबच असे. जोरात कॉर्ड वाजवली की ती क्षणभर दमते, व्होल्टेज खाली येतं, मग सावरतं. स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. ५वाय३ जास्त दमते, जीझेड३४ कमी. सॉलिड स्टेट रेक्टिफायर दमतच नाही. लांब ओढलेल्या ब्लूजच्या स्वरांना हे फुलणं हवं. वेगवान, खाडखाड रॉक रिफ असतील तर नको, तिथे ताठ प्रतिसाद लागतो.

*

आणि बी. बी. किंग? त्यांनी वर्षानुवर्षं लॅब सिरीज एल५ वापरला, तो ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प. अल्बर्ट किंगच्या मागेही ट्रान्झिस्टरचाच अकूस्टिक कंपनीचा अ‍ॅम्प असे. ट्यूबशिवाय ब्लूज होत नाही असं म्हणणाऱ्याला हे दोन किंग ऐकवावेत. मी ट्यूबच निवडतो, कारण ह्या दोघांची बोटं माझ्याकडे नाहीत आणि ट्यूब मला जास्त सांभाळून घेते.

*

वजन. डीलक्स रिव्हर्ब १९ किलोच्या आसपास, ट्विन २९, एसी३० तीसच्या वर. आपल्याकडे बरेचसे बार पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असली तर ती गिऱ्हाइकांसाठी, आणि आपण रिक्षाने आलेलो. रात्री साडेबारा वाजता ट्विन घेऊन जिना उतरणं हा पाठीचा प्रश्न आहे. फेंडरने २०१९ मध्ये डीलक्स रिव्हर्बचं डिजिटल रूप काढलं, ते साडेदहा किलोचं. त्यात ट्यूब नाहीत, पण प्रेक्षकांत बसून दोन्हींतला फरक सांगता येणं कठीण आहे. फरक हाताला कळतो, विशेषतः काठावर. ज्याची कंबर दुखते त्याने बिनदिक्कत तो घ्यावा.

*

विजेबद्दल मी अडून बसतो. अमेरिकेतून कुणी नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प १२० व्होल्टचा असतो. थेट २३० च्या बोर्डाला लावला तर फ्यूज जाईल, आणि फ्यूज कुणी चुकीचा मोठा बसवलेला असेल तर ट्रान्सफॉर्मर जाईल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, तोही अ‍ॅम्प खातो त्यापेक्षा बऱ्याच जास्त क्षमतेचा. शिवाय तिकडची वीज ६० हर्ट्झ, आपली ५०. त्यांचा ट्रान्सफॉर्मर इथे थोडा जास्त तापतो. शक्यतो २३० व्होल्टचाच अ‍ॅम्प घ्या.

मैदानावरच्या कार्यक्रमात जनरेटर असेल तर अ‍ॅम्प लावण्याआधी मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा. कुणी हसलं तरी पाहा.

आणि अर्थिंग. ३ मे १९७२ ला वेल्समधल्या स्वान्सीच्या स्टेजवर स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस हार्वी मायक्रोफोनला हात लावताना विजेच्या धक्क्याने गेला. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात, मायक्रोफोन साऊंडवाल्याच्या मिक्सरला. दोन्हींच्या अर्थमध्ये फरक असला की तो फरक ओठ आणि बोटांच्या मधून, म्हणजे आपल्या छातीतून जातो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवण्यासाठी अर्थची पिन कधीही काढू नका. साऊंडचेकच्या आधी मल्टिमीटरचं एक टोक तारेला आणि दुसरं मायक्रोफोनच्या जाळीला लावून व्होल्टेज पाहायची सवय लावून घ्या. गायकालाही शिकवा.

*

ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर न जोडता चालू करू नये; आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. उघडून आत हात तर मुळीच घालू नये. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात.

*

ट्यूब आज मुख्यतः तीन देशांत बनतात: स्लोव्हाकिया, रशिया, चीन. २०२२ मध्ये युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची धावपळ झाली आणि भाव चढले. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी रेडिओंसाठी व्हॉल्व्ह बनवले, त्यात ईएल८४ होती. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत एखाद्या जुन्या दुकानदाराकडे खोक्यात ती अजून सापडली तर घेऊन ठेवा, मात्र टेस्टरवर तपासून. ज्या अ‍ॅम्पच्या ट्यूब सहज मिळतात तोच अ‍ॅम्प घ्यावा: १२एएक्स७, ईएल८४, ६व्ही६, ६एल६, ईएल३४. दुर्मीळ ट्यूबचा अ‍ॅम्प कितीही सुंदर वाजला तरी कार्यक्रमाच्या रात्री तो भरवशाचा नाही.

बॅगेत कायम: आउटपुट ट्यूबची जुळवलेली जोडी, एक १२एएक्स७, योग्य क्षमतेचे फ्यूज. कार्यक्रम संपला की आधी अ‍ॅम्प बंद करा, मग वायरी गुंडाळा, तोवर ट्यूब निवतात. गरम फिलामेंटला हादरा सोसत नाही.

*

स्टेजवर अ‍ॅम्प जमिनीवर ठेवला की आवाज गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही. १२ इंचांच्या स्पीकरचे वरचे स्वर सरळ रेषेत जातात. वाजवणारा बाजूला उभा राहून ट्रेबल वाढवत जातो आणि समोर बसलेल्याच्या कानात तो सुईसारखा घुसतो. अ‍ॅम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे रेलवा, तोंड स्वतःच्या डोक्याकडे. मग तुम्हाला खरं ऐकू येईल आणि बटणं आपोआप खाली येतील. नव्या अ‍ॅम्पवर पैसे घालण्याआधी हा फुकटचा उपाय करून पाहावा.

*

मोठ्या कार्यक्रमांत आपला अ‍ॅम्प नेताच येत नाही, बॅकलाइनमधला, म्हणजे आयोजकांनी स्टेजवर ठेवलेला, मिळेल तो वाजवावा लागतो. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून होणाऱ्या महिंद्रा ब्लूज महोत्सवासारख्या ठिकाणी स्टेजवर मागे काय उभं आहे ते जवळ जाऊन बघा. भाड्याने मिळणाऱ्यांत बहुतेक वेळा ट्विन, एसी३० किंवा मार्शल. ह्या तिन्हींवर आपला आवाज पाच मिनिटांत कसा काढायचा हे आधीच शिकून ठेवलेलं बरं. माझी सुरुवात अशी असते: सगळी बटणं मध्यावर, ट्रेबल थोडी खाली, रिव्हर्ब दोनवर, मग फक्त व्हॉल्यूम.

*

विकत घेताना दुकानात एकट्याने, हळू आवाजात, पडद्यामागे बसून निर्णय घेऊ नका. तिथे प्रत्येक अ‍ॅम्प चांगला वाजतो. आपली गिटार आणि आपली वायर न्या. दुकानदार तयार असेल तर एक दिवस भाड्याने घ्या, सरावाच्या खोलीत ड्रमर आणि बेसवाल्यासमोर लावा, व्हॉल्यूम बँडच्या बरोबरीला आणा, आणि मग गिटारवरचं बटण मागेपुढे करून पाहा. त्या पातळीवर तो हाताला उत्तर देत असेल तर पैसे मोजा.